पूर ओसरतो, ताप उतरतो

पावसाळ्यात त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या डोंगरांवर पावसाचा जोर वाढला आणि गंगापूर धरणातून पाणी सोडले गेले की नाशिककरांची पावले रामकुंडाकडे वळतात. दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागले, यावरून पुराचा अंदाज घेण्याची या शहराची जुनी रीत आहे. दोन-तीन दिवसांनी घाटाच्या पायऱ्या पुन्हा दिसू लागल्या की पंचवटीतली सात वर्षांची मुलगीही सहज सांगते, ‘पूर ओसरला.’ तिच्याच घरात आजीचा ताप उतरतो, पायाची सूज उतरते, संध्याकाळी वारा पडतो, श्रावणात पाऊस उघडतो आणि लासलगावच्या बाजारातून परतलेले काका कांद्याचे भाव कोसळल्याचे सांगतात. या सहाही ठिकाणी घडते ते एकच, जास्त असलेले काहीतरी कमी होते. तरीही ‘वारा उघडला’ किंवा ‘ताप पडला’ असे ती मुलगी कधी म्हणत नाही. हे तिला कोणी शिकवलेले नाही, त्याचा नियम कोणत्याही व्याकरणात सापडत नाही आणि यावर तिची परीक्षाही कोणी घेतलेली नाही.

हीच मुलगी दहावीत जाते आणि इंग्रजीत पुराचे वर्णन लिहिते, तेव्हा तिच्या वहीत ‘फ्लड बिकेम लेस’, ‘फिव्हर बिकेम लेस’, ‘विंड बिकेम लेस’ अशी वाक्ये येतात. त्यांत काळ चुकलेला नसतो, कर्ता आणि क्रियापद यांचे नाते बिघडलेले नसते, स्पेलिंगही बरोबर असते, पण इंग्रजी वाचणाऱ्याला ते वाक्य परके वाटते. इंग्रजीत पुराचे पाणी ‘रिसीड’ होते, ताप ‘कम्स डाउन’, वारा ‘ड्रॉप्स’ आणि भाव ‘क्रॅश’ होतात. यातील शेवटच्या दोन जोड्या मराठीशी किती जुळतात हे पाहण्यासारखे आहे, कारण वारा दोन्ही भाषांत पडतो आणि भाव दोन्ही भाषांत कोसळतो. मुलीला ही जुळणी दाखवली असती तर तिने एका मिनिटात ती कायमची लक्षात ठेवली असती. ती दाखवली गेली नाही, कारण आपल्या वर्गात इंग्रजी शिकवण्याचे एकक सुटा शब्द हेच आहे. ते बदलून शब्दांची जोडी हे एकक करावे आणि हे काम मराठीला वर्गाबाहेर न काढता मराठीच्याच आधाराने करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी तीस वर्षे नाशिकमध्ये मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवले. त्या काळात तपासलेल्या हजारो वह्यांचा आकार एकसारखाच होता. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. मीही मुलांना अनेक वर्षे असेच लिहायला सांगितले. या वहीतून मुलाला ‘हेवी’ म्हणजे जड आणि ‘स्ट्राँग’ म्हणजे मजबूत एवढे कळते. मग जोराच्या पावसासाठी तो ‘स्ट्राँग रेन’ लिहितो आणि जोराच्या वाऱ्यासाठी ‘हेवी विंड’. मराठीत ‘जोराचा’ हे एकच विशेषण दोघांनाही चालते, इंग्रजीत मात्र पाऊस ‘हेवी’, वारा ‘स्ट्राँग’ आणि ताप ‘हाय’ असतो. ‘हेवी’चा अर्थ कितीही घोकला तरी ही वाटणी त्यातून निघत नाही, कारण ती शब्दाच्या अर्थात नसते, तर त्याच्या संगतीत असते.

आपल्याकडे ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला तर वाण नाही पण गुण लागतो असे म्हणतात, आणि शब्दांच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. ‘कडक’ या शब्दाकडे पाहावे. कडक चहा, कडक शिस्त, कडक ऊन, कडक उपवास आणि बँकेतून आलेली कडक नोट या प्रत्येक ठिकाणी शेजार बदलताच त्याचा अर्थ बदलतो. इंग्रजीत यांपैकी चहा ‘स्ट्राँग’ होतो, शिस्त ‘स्ट्रिक्ट’ होते, नोट ‘क्रिस्प’ होते आणि ऊन ‘स्कॉर्चिंग’ होते. एका शब्दासमोर एक अर्थ लिहिण्याची वही इथे पूर्णपणे हतबल ठरते.

मराठी मुलाला जोड्यांची जाण नवी नाही. आपल्या भाषेत तर ती इतकी काटेकोर आहे की रंगांनाही आपापले सोबती ठरलेले आहेत: पांढराशुभ्र, काळाकुट्ट, लालभडक, हिरवागार, पिवळाधमक. ‘काळाधमक’ किंवा ‘पिवळाकुट्ट’ हे शब्द ऐकताच बालवाडीतले मूलही हसेल. अंधार किर्र असतो, काळोख मिट्ट असतो, प्रकाश लख्ख असतो, जंगल घनदाट असते आणि निफाडची थंडी कडाक्याची असते. ज्या मुलाच्या कानाला हा हिशेब पक्का ठाऊक आहे, त्याला इंग्रजी शिकवताना ‘तुझ्या भाषेत जसे आहे तसेच या भाषेतही आहे, फक्त जोडीदार वेगळे आहेत’ एवढे एक वाक्य सांगणे पुरेसे असते. वर्गात मराठी बोलण्याला बंदी घातली की नेमके हेच वाक्य सांगता येत नाही.

या जाणिवेची नोंद आपल्याकडे फार पूर्वी झाली होती, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. या कोशात अनेक नामांपुढे केवळ अर्थ दिलेला नाही, तर ते नाम कोणत्या क्रियापदाबरोबर वापरतात हेही ‘कर’, ‘लाग’, ‘घाल’, ‘घे’ अशा खुणांनी दाखवले आहे. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला केवळ अर्थ देऊन भागणार नाही, नामाचा क्रियापदाशी असलेला संबंधही द्यावा लागेल, हे त्या कोशकारांना कळले होते. पावणेदोनशे वर्षांनंतर इंग्रजी शिकणाऱ्या आपल्या मुलाला आपण तेवढीही सोय देत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

क्रियापदांच्या बाबतीत तर ही गरज सर्वांत मोठी आहे, कारण मराठीतले ‘करणे’ जवळजवळ प्रत्येक नाम पोटात घेते. आपण अभ्यास करतो, चूक करतो, प्रगती करतो, फोन करतो, गुन्हा करतो आणि उपवासही करतो. इंग्रजीत गृहपाठ ‘डू’ करतात, चूक, प्रगती आणि फोन यांच्याबरोबर ‘मेक’ येते, गुन्हा ‘कमिट’ होतो आणि उपवास ‘ऑब्झर्व्ह’ केला जातो. ‘लागणे’ हे क्रियापद आणखी विलक्षण आहे. भूक लागते, आग लागते, वेळ लागतो, सवय लागते, निकाल लागतो आणि नोकरीही लागते. इंग्रजीत आग ‘कॅच’ होते, वेळ ‘टेक’ होतो, नोकरी ‘गेट’ होते, निकाल ‘डिक्लेअर’ होतो आणि भुकेसाठी नामाऐवजी विशेषणच वापरावे लागते.

सर्वांत घातक उदाहरण परीक्षेचे आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतो. इंग्रजीत दिशा उलटी आहे, तिथे विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि ‘गिव्ह’ हे क्रियापद परीक्षा घेणाऱ्याकडे जाते. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला बसलेला पदविकाधारक मुलगा ‘आय गेव्ह माय एक्झाम’ म्हणतो तेव्हा समोरचा भारतीय अधिकारी समजून घेतो. पण तेच वाक्य परदेशी ग्राहकाशी झालेल्या दूरध्वनीवर उच्चारले गेले तर ऐकणाऱ्याला हा मुलगा परीक्षक आहे असे वाटू शकते. ‘आय पास्ड आऊट इन २०२३’ या वाक्याने तर तो त्या वर्षी बेशुद्ध पडला होता असाही समज होऊ शकतो.

असा गोंधळ केवळ गमतीपुरता राहत नाही. दिंडोरी तालुक्यातील एका द्राक्ष पॅकहाऊसमध्ये काम करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने युरोपातील खरेदीदाराला कळवले होते की ‘रेसिड्यू केम इन ग्रेप्स’. त्याला म्हणायचे होते की औषधांच्या अंशाचा तपासणी अहवाल आला आहे आणि सगळे आकडे मर्यादेच्या आत आहेत. बागायतदारांच्या बोलण्यात ‘रेसिड्यू आला’ हा प्रयोग सर्रास होतो आणि ऐकणारा प्रसंगावरून अर्थ लावतो. खरेदीदाराने मात्र मालात दोष निघाला असा अर्थ घेतला, कंटेनर थांबवण्याची भाषा सुरू झाली आणि खुलासा करण्यात दोन दिवस गेले. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षे अडकली होती, तेव्हापासून या जिल्ह्यात असा एक शब्दही किती जड पडतो हे बागायतदारांना ठाऊक आहे. अंश ‘डिटेक्ट’ होणे आणि त्याने मर्यादा ‘एक्सीड’ करणे या दोन गोष्टींत एका हंगामाच्या कमाईइतके अंतर असते. ‘वेल बिलो द लिमिट’ ही एक जोडणी त्या मुलाला ठाऊक असती तर ते दोन दिवस वाचले असते. त्याला शाळेत इंग्रजीत उत्तम गुण होते.

शब्दांच्या संगतीचे हे शास्त्र इंग्लंडमधून तयार होऊन आपल्याकडे आले असा समज असेल तर तो दूर करायला हवा. इंग्रज भाषाशिक्षणतज्ज्ञ हॅरोल्ड पामर १९२२ साली टोकियोला गेले आणि जपानी मुलांना इंग्रजी शिकवताना येणाऱ्या अडचणींवर काम करता करता १९३३ साली त्यांनी इंग्रजी शब्दसंगतींवरचा अहवाल तयार केला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी परभाषकांसाठी केलेला इंग्रजी कोश १९४२ साली जपानमध्येच छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने तो जगभर नेला. शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून होते हा विचार १९५७ साली मांडणारे जे. आर. फर्थ हे त्याआधी १९२८ पर्यंत लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ज्यांच्या घरात इंग्रजी नाही अशा मुलांसमोर उभे राहिलेल्या शिक्षकांना सुट्या शब्दांची मर्यादा आधी कळली, यात मला आश्चर्य वाटत नाही. इंग्रजी घरात बोलणाऱ्याला ही मर्यादा कधी जाणवतच नाही, जशी आपल्याला ‘पाऊस उघडला’ यातली गंमत जाणवत नाही.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून होते. २०२५ साली पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा वाद झाला आणि शासनाला निर्णय मागे घ्यावा लागला. मधल्या काळात सेमी-इंग्रजीचे वर्ग वाढले आणि माध्यमावरून घराघरांत चर्चा झाल्या. या सगळ्या वादांचा विषय भाषा कोणत्या इयत्तेपासून आणि कोणत्या माध्यमातून शिकवावी हा होता. शिकवताना मुलाच्या हातात नेमके काय ठेवायचे, सुटा शब्द की त्याची जोडी, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आलाच नाही. पहिलीपासून दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकूनही मूल वाक्य बोलताना अडखळत असेल तर आणखी वर्षे वाढवून काही होणार नाही. अडखळण्याचे कारण असे आहे की ते प्रत्येक शब्द मराठीतून वेगळा उचलते आणि बोलता बोलता वाक्य बांधते. सराईतपणे बोलणारा माणूस कोणत्याही भाषेत असे करत नाही, त्याच्या स्मरणात जोड्या आणि वाक्यांचे तुकडे तयार असतात. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर इंग्रजी संभाषणाच्या वर्गांच्या पाट्या ओळीने दिसतात आणि पालक तिथे पदरचे पैसे भरतात, ते शाळेत राहून गेलेल्या याच एका गोष्टीसाठी.

या मताविरुद्ध तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली अशी की भारतीय इंग्रजी ही स्वतंत्र भाषा आहे आणि तिला लंडनच्या मापाने मोजणे ही गुलामगिरी आहे. या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी त्याचा आदर करतो. ‘प्रीपोन’, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणे, हा आपण घडवलेला शब्द उपयोगी आहे, तो टिकला पाहिजे. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ आणि मावसभाऊ ज्या समाजात वेगळे मोजले जातात त्या समाजाने ‘कझिन ब्रदर’ म्हटले तर त्यात काही बिघडत नाही. कित्येक शिक्षक ‘टेक अ डिसिजन’वर लाल रेघ मारतात तीही चुकीची आहे, कारण ब्रिटिश इंग्रजीत तो प्रयोग रूढ आहे. परंतु जिथे अर्थच उलटतो किंवा ऐकणारा भलतेच समजतो, तिथे स्वाभिमानाचा प्रश्न उरत नाही. परीक्षा ‘गिव्ह’ करणे या दुसऱ्या गटात येते. कोणती जोडी आपली म्हणून जपायची आणि कोणती दुरुस्त करायची, हे ठरवण्यासाठीसुद्धा आधी दोन्ही ठाऊक असाव्या लागतात.

दुसरी हरकत घोकंपट्टीची आहे. जोड्यांच्या लांब याद्या छापून पाठ करायला लावल्या तर ती रास्तच ठरेल. मी सुचवतो ते याच्या उलट आहे. धडा वाचताना मुलाने शब्द उचलला की त्याच्या आजूबाजूचे दोन शब्दही उचलावेत, वहीत तो तुकडा तसाच लिहावा आणि त्याखाली आपल्या गल्लीतले, आपल्या घरातले एक वाक्य तयार करावे. ‘रिसीड’ हा शब्द भेटला तर गोदावरीचे वाक्य लिहावे. एका दिवशी तीन जोड्या झाल्या तरी वर्षाकाठी त्या पाचशेच्या पुढे जातात, आणि रोजच्या व्यवहाराच्या इंग्रजीला तेवढा पाया भक्कम पुरतो. यंत्र सगळे दुरुस्त करून देईल ही तिसरी हरकत मी थोडक्यात बाजूला ठेवतो. मुलाखतीच्या खोलीत यंत्र नसते, आणि यंत्राने दिलेले वाक्य बरोबर आहे का हे ओळखायलाही तयार कान लागतो.

याचा मराठीला होणारा लाभही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. आज आपली मुले ‘आंघोळ घेतली’, ‘चहा बनवला’, ‘माझी मदत कर’ असे बोलतात. आंघोळ करायची असते, चहा करायचा किंवा टाकायचा असतो आणि मदत ‘मला’ करायची असते, हे त्यांच्या कानातून निसटत चालले आहे. इंग्रजीच्या तासाला ‘आपण परीक्षा देतो, ते घेतात’ अशी तुलना रोज झाली तर मुलाचे लक्ष स्वतःच्या भाषेच्या जोड्यांकडेही वळेल. कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला, या शहरात मराठीसाठी पुष्कळ कार्यक्रम होतात. त्या दिवशी शाळाशाळांत मुलांकडून अशा मराठी जोड्या गोळा करून घेतल्या तर भाषणांइतकेच मोलाचे काम होईल.

मागणी फार मोठी नाही. पाठाच्या शेवटी शब्दार्थ देताना शब्द एकटा न देता त्याच्या नेहमीच्या सोबत्यासह द्यावा. दहावीच्या प्रश्नपत्रिकेत जोड्यांच्या वापरावर निदान पाच गुण ठेवावेत, कारण ज्याला गुण नाहीत ते आपल्या वर्गात शिकवले जात नाही, हे तीस वर्षांत मी पुरेसे पाहिले आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मराठी आणि इंग्रजी यांच्या जोड्यांची तुलना हा स्वतंत्र भाग असावा. या कामासाठी नाशिकइतके सोयीचे गाव शोधून सापडणार नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथेच आहे आणि कामकरी माणसापर्यंत शिक्षण नेणे हाच त्याचा हेतू आहे. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालयही इथेच आहे. मुक्त विद्यापीठाने मराठी नामापासून सुरू होणारा एक छोटा जोडीकोश तयार करावा, ज्यात ‘परीक्षा’ पाहिली की ‘देणे’समोर ‘टेक’ सापडेल, ‘पूर’ पाहिला की ‘ओसरणे’समोर ‘रिसीड’ सापडेल, आणि द्राक्ष, कांदा, यंत्रशाळा आणि रुग्णालय यांच्या रोजच्या कामातले तुकडे त्यात आधी येतील. अनुभवी शिक्षक, पॅकहाऊसमधली मुले आणि कारखान्यातले सुपरवायझर यांना एकत्र बसवले तर पहिल्या हजार नोंदी एका उन्हाळी सुट्टीत होऊ शकतात. नोंदी गोळा करण्याच्या कामाला मी स्वतः यायला तयार आहे, आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेले आणखी काही शिक्षकही येतील.